अकरा माणसं, एक क्रुझर आणि मुक्कामाची जागा!

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)

घरातला पोरगा इंजिनिअरिंगला गेला की त्याच्याकडे दोन कामं आपोआप येतात. पहिलं म्हणजे बिघडलेला मिक्सर उघडून बघणे (शाखा कुठलीही असो!) आणि दुसरं म्हणजे घरात कुठं जायचं ठरलं की 'प्लॅन' करणे. मी तर पडलो सिव्हिलचा. "प्लॅन काढायलाच शिकतोस ना तिकडं? मग काढ की!" असं काकाने सुनावल्यावर बोलायची सोयच उरली नाही. दिवाळीच्या सुट्टीत अख्ख्या घराने तीन दिवस कुठंतरी जायचं, ते काकाच्या गाडीतून, आणि कुठं जायचं, कुठं राहायचं हे मी ठरवायचं, असा ठराव एकमताने मंजूर झाला. त्यात माझं मत धरलं नव्हतं.

आमचं घर डोळखांबचं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, शहापूरहून आत सह्याद्रीच्या दिशेने यायचं. रस्ता संपत आला आणि डोंगर समोर भिंतीसारखा उभा राहिला की समजायचं, आलं! काकाची ट्रॅक्स क्रुझर याच रस्त्यावर शहापूरच्या सीट भरते. त्यामुळे गाडी होती, ड्रायव्हर घरचा होता आणि तीन दिवस ही मर्यादाही ठरलेली होती. कारण काकाचं म्हणणं, "गाडी उभी राहिली तरी हप्ता थोडाच उभा राहतो?"

हे सगळं मी हॉस्टेलवर येऊन सांगितलं तेव्हा आमच्या रूमवरचा पुणेकर उठूनच बसला. त्याची मावशी न्यू जर्सीला असते. ते लोक सुट्टीत एक भलीमोठी गाडी भाड्याने घेतात. तिला म्हणतात आर.व्ही. आतच बेड, आतच किचन, आतच संडास. गाडीखाली तीन टाक्या, एक चांगल्या पाण्याची, एक भांडी-अंघोळीच्या सांडपाण्याची आणि तिसरी कशाची ते तुम्ही ओळखलं असेलच. रात्री कॅम्पग्राउंडवर जायचं, तिथे आधीच बुक केलेल्या चौकोनात गाडी लावायची, वीज, पाणी आणि ड्रेनेज अशी तीन कनेक्शन जोडायची की झालं घर तयार. यलोस्टोन नावाच्या त्यांच्या राष्ट्रीय उद्यानात तर एका कॅम्पग्राउंडवर कापडी तंबूला मनाईच आहे, कारण तिथे अस्वलं येतात. चारी बाजूंनी पक्की असलेली गाडीच लागते. आपल्याकडेही २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, हेही त्यानेच सांगितलं. पुणेकराला माहिती असतेच!

मी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं: आपल्याकडे काय नाही? बेड नाही, पाण्याची टाकी नाही, संडास नाही. आहे काय? तेरा सीट, वर कॅरियर, एक ताडपत्री, लग्नकार्याला नेतो ती गॅसची शेगडी आणि अकरा माणसं. त्यात आजी शहात्तर वर्षांची, तिचे गुडघे कामातून गेलेले. आणि आत्याचा धाकटा चार वर्षांचा, त्याचे गुडघे जरा जास्तच कामात!

आता ठिकाणं. प्रत्येकाची यादी वेगळी. चुलतभावाला माळशेज पाहिजे आणि जमल्यास नाणेघाट, कारण त्याच्या इतिहासाच्या पुस्तकात तिथल्या सातवाहन काळातल्या शिलालेखाचं चित्र आहे. आईला समुद्र. काकाला शिर्डी (रस्ता चांगला, पार्किंग चांगलं, संपला विषय). बाबा म्हणाले, लांब कशाला, माहुली करू. ठाणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला आपल्या तालुक्यात आणि आपणच बघितला नाही! शहाजीराजे १६३६ मध्ये तिथे होते. हे खरं असलं तरी माहुली चढायला दोन-अडीच तास लागतात आणि आजीला काय पायथ्याशी गाडीत बसवून ठेवायचं? आजोबा पर्वताचंही तेच. तो तर आमच्या दारातून दिसतो. लव-कुश वाल्मिकींना आजोबा म्हणायचे म्हणून डोंगराला हे नाव, वर आश्रम आहे, त्याच्याही वर कड्यात सीतेचा पाळणा. पण डेहण्याहून पुढे पायीच जायचं.

मी भातसा धरण सुचवलं. माझा स्वार्थ होता, प्रोजेक्टला फोटो मिळाले असते. त्यावर काकू जे बोलली ते मला कुठल्याही सेमिनारमध्ये ऐकायला मिळालेलं नाही. ती म्हणाली, "ते पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आपले पाडे टँकरची वाट बघतात. ते बघायला पदरचं डिझेल कशाला जाळायचं?" भातसा यादीतून कटाप.

आजी यात कुठंच नव्हती. तिला विचारलं की ठरलेलं उत्तर, "तुमी जा, मी घर राखते." पण एका संध्याकाळी मी वहीत रस्ते लिहीत बसलो होतो तेव्हा तिने हळूच विचारलं, "काय रं बाला, घाटघरला आता गाडी जाते म्हनं?"

इथे थोडं थांबून भूगोल सांगायला पाहिजे. आजीचं माहेर घाटाच्या वर, अकोले तालुक्यात, घाटघरच्या बाजूच्या एका वाडीतलं. आमच्याकडे घाटाच्या वर-खाली सोयरिकी पूर्वीपासून. राघोजी भांगरे वरच्या देवगावचे, आणि त्यांना फाशी झाली २ मे १८४८ ला खाली ठाण्याच्या तुरुंगात. म्हणजे लढाया, लग्नं, मीठ, सुकट, तांदूळ सगळं याच वाटांनी वर-खाली होत आलं. आजी लग्न होऊन चोंढ्याच्या घाटाने पायी उतरली. सकाळी निघाली की दुपारी खाली. नकाशावर ते अंतर बोटाच्या एका पेराएवढं आहे. पण गुडघे गेले तशी वाटही गेली. आणि गाडीने जायचं तर? शहापूर, कसारा घाट, इगतपुरी, घोटी, बारी, शेंडी, मग भंडारदऱ्याच्या कडेकडेने घाटघर. सव्वाशे किलोमीटरच्या वर! समोर दिसणाऱ्या डोंगराच्या माथ्यावर जायला अख्ख्या डोंगररांगेला वळसा. म्हणून लग्नामयताला बाबा-काका जाऊन यायचे, आजीचं जाणं मात्र राहूनच गेलं होतं.

त्यानंतर माळशेज, शिर्डी, समुद्र कुणीच काढला नाही. ठिकाण ठरलं. मला वाटलं सुटलो. माहेरीच जायचं म्हटल्यावर मुक्कामाचा प्रश्न कुठे उरला?

तर तिथेच खरा प्रश्न सुरू झाला. आजीने स्पष्ट सांगितलं, "भावाच्या दारात अकरा मानसं घेऊन उतरायचं नाय. दोन दिवस त्याच्या सुनांनी भाकऱ्या थापत बसायच्या का? आपन बाजूला उतरू. आन त्यांनलाच आपल्याकडं जेवायला बोलवू." भाऊ तिच्याहून मोठा, ऐंशीच्या पुढचा. लग्न झाल्यापासून दर वेळी आजीनेच माहेरचं खाल्लेलं, माहेरची माणसं तिच्या हातचं जेवायला फारशी कधी खाली आलीच नव्हती. म्हणजे आम्हाला आता अशी जागा पाहिजे होती की जिथे अकरा माणसं झोपतील, पंचवीस माणसं जेवतील, दोन म्हातारी माणसं खुर्चीवर बसतील आणि गाडी दारापर्यंत जाईल. पुणेकराच्या मावशीला कॅम्पग्राउंड शोधताना हा फिल्टर नक्कीच मिळत नसणार!

भंडारदऱ्याच्या काठाने तंबूवाले पुष्कळ आहेत. फोटो एकापेक्षा एक. पाण्याला लागून तंबू, मागे डोंगर, शेकोटी. मी फोन लावायला सुरुवात केली. पलीकडचा माणूस आपणहून सांगायचा, शेकोटी आहे, म्युझिक आहे, रात्री बार्बेक्यू आहे. मी विचारायचो, "संडास किती आहेत? कमोड आहे का? तंबूपासून किती लांब? वाटेत लाईट आहे का?" एक जण तर म्हणाला, "साहेब, तुम्ही ग्रामपंचायतीतून बोलताय का?"

पण हा प्रश्न मी का विचारत होतो ते सांगतो. आमच्या घरातल्या बायका प्रवासाला निघाल्या की सकाळपासून पाणी प्यायचं बंद करतात. आई, काकू, आत्या सगळ्याच. कारण वाटेत कुठे जायचं? पुरुषांना कुठलंही झाड चालतं, म्हणून हा मुद्दा आपल्या प्लॅनमध्ये कधी येतच नाही. इंडस्ट्रियल व्हिजिटला जाताना आपल्या वर्गातल्या मुलीही हेच करतात, विचारून बघा (म्हणजे जरा जपून विचारा). ठिकाणाचं सौंदर्य वगैरे नंतर. बाई दिवसभर तहानलेली असेल तर तिला धबधबा दाखवून काय उपयोग? म्हणून मी वाटेतले थांबेही आधीच ठरवले. स्वच्छ संडास असलेला एक पेट्रोल पंप, घाटाच्या वर घाटनदेवी, मग घोटीत जेवण. मधलं अंतर दीड तासाच्या आत.

शेवटी दोन जागा उरल्या. एक पाण्याच्या अगदी काठावर, सूर्यास्तासकट. पण उताराची, संडास वर रस्त्याजवळ, आणि घाटघर तिथून वीसेक किलोमीटर. दुसरी घाटघरच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या घरामागचं खळं. तिथून तळं दिसत नाही, सूर्यास्त दिसत नाही, दिसतो एक आंबा आणि गवताच्या गंज्या. पण जमीन सपाट, सारवलेली. एक खोली बायकांना मिळणार, पुरुषांना दोन तंबू, दोन संडास पैकी एक कमोडचा (मालकाच्या आईसाठी बांधलेला), गाडी थेट खळ्यात. चुलतभावाने तळ्याला मत दिलं. मी खळ्याला. आजीला कोणी विचारलं नाही, पण काकूने विचारलं, "माहेरची मानसं चालत येतील एवढं जवळ कुठलं?" मतदान संपलं.

पाण्याचा हिशोब मी पुस्तकाने केला. वॉटर सप्लायच्या पेपराला आपण डोळे मिटून लिहितो ना, माणशी रोज १३५ लिटर? अकरा माणसांचे १४८५ लिटर! ग्रामीण भागासाठी जल जीवन मिशनचे ५५ लिटर धरले तरी ६०५. मी हे वाचून दाखवलं. काकूने अंगणातले वीस लिटरचे सहा कॅन मोजले आणि म्हणाली, "पिण्याचं नि रांधायचं एवढ्यात होतं. भांड्याला तिकडं विहीर आहे ना?" झालं. एप्रिल-मेमध्ये हंड्यावर घर चालवलेल्या बाईसमोर आपला आयएस कोड जरा गप्पच बसतो.

निघालो त्या सकाळी काका म्हणाला समृद्धीने जाऊ. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट न चढता इगतपुरीला पोचता येतं, जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून. आजीने विचारलं, "त्या बोगद्यातून दिसतं काय?" काहीच नाही. मग जुन्या घाटानेच गेलो. घाटनदेवीला आजीने ओटी भरली, धाकट्याने माकडाला केळं दिलं आणि मग स्वतःचं केळं दिल्याबद्दल रडला.

भंडारदऱ्याला विल्सन डॅमपाशी मी पाच मिनिटं मागून घेतली. १९२६ साली पूर्ण झालेलं दगडी धरण, प्रवरेवर, अजून कामावर. बाबांनी पाच मिनिटांची तीन केली. असो. सिव्हिलवाल्याचं दुःख सिव्हिलवालाच जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोकणकडा. घाटघरला पावसाळ्यात गर्दी होते, पण तेव्हा तिथे एवढा पाऊस की नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात (जिल्हा आता अहिल्यानगर झाला, पण ही म्हण अजून नगरचीच आहे), आणि धुक्यात खालचं काही दिसत नाही. म्हणूनच मी दिवाळीनंतरचे दिवस धरले होते. गाडी बरीच जवळ जाते, थोडंच चालायचं. एका बाजूने बाबा, एका बाजूने मी. कड्याच्या अलीकडेच एका दगडावर आजी बसली. समोर जमीन एकदम संपते आणि खाली आपला शहापूर तालुका पसरलेला. आजी बराच वेळ काहीच बोलली नाही. मग बोट करून सांगायला लागली. ती वाट तिथून उतरते. तिथे पाण्याचं टाकं. तिथे माझी चप्पल तुटलेली. मग म्हणाली, "आन त्ये पानी कुठलं?"

ते खालच्या धरणाचं पाणी. आता माझा विषय आला! मित्रांनो, आपल्यातले किती जण घाटघर बघून आलेत? उदंचन प्रकल्प, २५० मेगावॅट, १२५ चे दोन संच, २००८ पासून चालू. वर घाटघरला एक धरण, खाली चोंढ्याला एक, मध्ये चारशे मीटरच्या वर उंचीचा फरक आणि डोंगराच्या पोटात वीजघर. विजेची मागणी वाढली की वरचं पाणी खाली सोडायचं, वीज तयार. मागणी उतरली की तेच यंत्र उलटं चालवून खालचं पाणी पुन्हा वर. अशा प्रकल्पात चार युनिट खर्च केले की तीनच्या आसपास परत मिळतात. तोट्याचा धंदा वाटतो, पण गरजेच्या वेळी मिळालेल्या युनिटची किंमत वेगळी असते. आणि एक गंमत. दोन्ही धरणं आरसीसीची आहेत असं व्हायव्हात सांगितलंत तर 'रीइन्फोर्स्ड' म्हणू नका! इथे आरसीसी म्हणजे रोलर कॉम्पॅक्टेड काँक्रीट. जवळजवळ कोरडं काँक्रीट, त्यात भरपूर फ्लाय ॲश, थर पसरायचा आणि रस्त्यासारखा वरून रोलर फिरवायचा. भारतात या पद्धतीने बांधलेली ही पहिली धरणं. आपण व्हिजिटला कुठे कुठे जातो, आणि हे आमच्या डोळखांबच्या पुढेच आहे.

मी एवढं सगळं आजीला समजावून सांगितलं, रोलर सोडून. तिने नीट ऐकलं. मग विचारलं, "म्हंजे पानी खाली जातं, आन परत वर येतं?"

"हो. रोज."

"बरं हाय की पान्याचं," ती म्हणाली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागली.

दुपारी मोठी माणसं रतनवाडीला अमृतेश्वराच्या देवळात गेली. कोरीव काम बघण्यासारखं आहे आणि गाडी देवळापर्यंत जाते, म्हणून यादीत त्याला मी पूर्ण मार्क दिले होते. आम्ही पोरं साम्रदला सांदण दरीच्या तोंडाशी उतरलो, पहिल्या पाण्यापर्यंत गेलो आणि परत आलो. त्यापुढे दोर आणि माहितगार माणूस लागतो. दोन्हीही आमच्याकडे नव्हते.

संध्याकाळी खळ्यात शेगडी पेटली. आजीने डोळखांबहून सुकट, वाल आणि तांदळाचं पीठ बांधून आणलं होतं. काकूला पीठ मळू दिलं नाही, स्वतः बसली. सात वाजता बॅटरीच्या उजेडात माहेरची माणसं आली. मामाआजोबा, त्यांची दोन मुलं, सुना, नातवंडं. आणि 'खर्चात घालायचं नाही' या नियमाचं काय झालं? सुनेच्या डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं आणि हातात नागलीच्या भाकऱ्यांची टोपली! आजी भडकली. मामाआजोबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांनी शांतपणे खुर्ची ओढली आणि बसले.

तेवीस पानं झाली. दोन पंगती. मामाआजोबांनी दुसऱ्यांदा सुकट मागून घेतली तेव्हा आजीने आम्हा सगळ्यांकडे असं बघितलं की ज्याचं नाव ते! जेवण झाल्यावर ती दोघं आंब्याखाली बसली. काय बोलत होती ते ऐकू आलं नाही. त्यांना ऐकू यावं म्हणून आजी मोठ्याने बोलायची आणि मग कोणी ऐकेल म्हणून एकदम हळू. थंडी चांगलीच पडली होती. अकरानंतर बाबांनी आजीला उठवून खोलीत नेलं, मामाआजोबा मात्र घरी गेलेच नाहीत, आमच्या तंबूत झोपले. दोन माणसांच्या तंबूत आम्ही चौघं. ऐंशी वर्षांच्या माणसाचं घोरणं किती डेसिबलचं असतं हे आता मी सांगू शकतो.

परतताना समृद्धीने आलो. बोगद्यात धाकट्याने पूर्ण आठ मिनिटं आरडाओरडा केला. काकाने घरी येऊन हिशोब मांडला. डिझेल, टोल, खळ्याचे आणि तंबूंचे पैसे, अभयारण्याच्या नाक्यावरची फी. माणशी जो आकडा आला तो आपल्या मेसच्या महिन्याच्या बिलापेक्षा कमी होता (आणि जेवण किती चांगलं!).

पुढचा प्लॅन आता आजीनेच काढलाय. पौष महिन्यात म्हशाच्या यात्रेला मामाआजोबांना खाली आणायचं, सुना-नातवंडांसकट, आठ दिवस. क्रुझर वर पाठवायची. ते खाली कधी आले होते ते दोघांनाही नक्की आठवत नाही. आमच्या घरातला संडास जुन्या पद्धतीचा आहे, तर तिथे कमोड बसवायला किती खर्च येईल, पाइप किती इंची लागेल, उतार किती द्यायचा, हे सगळं काढून ठेव असा मला निरोप आलाय. तारीख अजून ठरायची आहे. आपली सबमिशन त्याच आठवड्यात येऊ नयेत, एवढीच एच.ओ.डी. सरांना विनंती.